11 पानांचे नियम आणि रात्री 2 वाजताचा मेल

पत्राचा सारांश: पत्रलेखिका एका विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स शिकवतात. डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स (अनेक कॉम्प्युटर मिळून चालवलेल्या प्रणाली) हा पदव्युत्तर कोर्स यंदा पहिल्यांदाच एकट्या त्यांच्याकडे आला आहे. वर्गात 42 विद्यार्थी. सत्र सुरू होताना त्यांनी मूल्यमापन आणि वर्तणुकीच्या नियमांची 11 पानं वाटली. ग्रेडिंग रिलेटिव्ह (वर्गातल्या इतरांच्या तुलनेत), उशिरा आलेल्या असाइनमेंटला शून्य, आणि कॉपीबद्दल एक वाक्य: 'कोड देणारा आणि घेणारा, दोघेही कोर्समध्ये नापास.' दुसरी असाइनमेंट होती रॅफ्ट अल्गोरिदम, म्हणजे अनेक सर्व्हरवर नोंदींची एकच यादी (लॉग) जुळती ठेवण्याची पद्धत, स्वतः लिहिण्याची, एकूण गुणांच्या 10 टक्के वजनाची. कोडमधलं साम्य शोधणाऱ्या 'मॉस' या सॉफ्टवेअरने दोघांचा कोड 71 टक्के जुळतो असं दाखवलं. त्यानंतर इनबॉक्स उघडला, तर त्या दोघांपैकी एकाचा रात्री 2 वाजता आलेला मेल तिथे होता: 'लॉग रेप्लिकेशन मला जमत नव्हतं. मित्राचा कोड बघून लिहिलं. त्याला काही बोलू नका.' मित्र मात्र गप्प आहे. एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, 'पहिल्याच वर्षी दोघांना नापास कर, पुढची वर्षं शांततेत जातील.' दुसरे म्हणतात, 'पुन्हा लिहून आणायला सांग आणि विषय मिटव.' पत्रलेखिकेचा प्रश्न: नियम पाळला तर खरं बोलणाऱ्या मुलाचं नुकसान होतं, मोडला तर माझ्या शब्दाला किंमत राहत नाही. कडक राहू की माफ करू?

उत्तर:

तुम्ही पत्रासोबत नियमांची प्रत जोडलीत हे बरं केलंत. मी ती दोनदा वाचली. फाइलला नाव कसं द्यायचं यावर अर्धं पान आहे. रिपोर्टचा समास किती असावा हेही आहे. आणि ज्या गोष्टीवरून एखाद्याचं सत्र बुडू शकतं, तिच्यासाठी एक ओळ. त्या ओळीत शिक्षा आहे, गुन्हा कशाला म्हणायचं ते नाही. 'कॉपी' म्हणजे काय हे सगळ्यांना कळतंच, असं तुम्ही धरून चाललात. मीही बरीच वर्षं तसंच धरून चालत होते.

जरा तुमच्या वर्गाकडे बघा. काही जण पदवी संपवून थेट आलेत. काही जण चार-पाच वर्षं नोकरी करून आलेत, आणि तिथे सहकाऱ्याचा कोड उचलून वापरणं हीच शहाणपणाची गोष्ट होती. तेच पुन्हा लिहीत बसला असता तर मॅनेजरने विचारलं असतं, वेळ का घालवतोस? जे संशोधनाकडे वळणार आहेत त्यांना तुम्हीच सांगता की दुसऱ्याच्या कामावर आपलं काम उभं करा, फक्त त्याचं नाव घ्या. असे तीन तऱ्हेचे लोक 'कॉपी करू नका' हे वाक्य तीन तऱ्हांनी वाचतात. मित्राने फळ्यावर आकृती काढून समजावलं तर चालेल? त्याचा बग शोधायला मदत करताना त्याची स्क्रीन दिसली तर? मागच्या बॅचचा कोड नुसता वाचला तर? एरर मेसेज चॅटबॉटला दिला तर? तुमच्या 11 पानांत यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मला सापडलं नाही.

याचा अर्थ मेल लिहिणारा मुलगा निर्दोष आहे असा नाही. 'बघून लिहिलं' आणि तरी रिपोर्टवर फक्त स्वतःचं नाव घातलं, हे कुठल्याही व्याख्येत चुकतंच, आणि त्याला ते कळलंही आहे, नाहीतर रात्री 2 वाजता तो मेल लिहीत बसला नसता. पण त्याचा मित्र? त्याने कोड पाठवला, की नुसता दाखवला, की त्याचा लॅपटॉप उघडा राहिला होता? हे तुम्हाला अजून माहीत नाही, आणि तुमचा नियम मात्र त्याला आधीच नापास करून बसला आहे.

आता त्या 71 टक्क्यांबद्दल. मॉस 1994 मध्ये अॅलेक्स एकेन यांनी तयार केलं, आणि आजही जगभरचे प्रोग्रॅमिंगचे शिक्षक ते वापरतात. त्याच्या मुळाशी असलेल्या पद्धतीचं नावच धान्य पाखडण्यावरून आलेलं आहे: कोडचे छोटे छोटे तुकडे करायचे, प्रत्येकाचा आकड्यात ठसा घ्यायचा, सगळे ठसे न ठेवता त्यातले मोजके निवडायचे आणि ते दुसऱ्याच्या ठशांशी जुळवायचे. व्हेरिएबलची नावं बदलली, कॉमेंट काढल्या, मोकळ्या ओळी घातल्या तरी ते फसत नाही. पण ते सांगतं एवढंच की हे दोन कोड सारखे आहेत. का सारखे आहेत ते सांगत नाही. ते तयार करणाऱ्यांनीच स्पष्ट म्हटलंय की नुसत्या टक्क्यांवर निकाल देणं हा त्याचा गैरवापर आहे. कोणीतरी बसून दोन्ही कोड वाचायलाच हवेत.

हे मी ऐकीव माहितीवर सांगत नाही. एका सत्रात मी दोन मुलींना समोर बसवून, माझ्या मते अगदी शांतपणे, 'कोणी कोणाकडून घेतलं?' असं विचारलं. दोघींच्या कोडमध्ये रांगेतले मेसेज हाताळणारं एक विचित्र फंक्शन अक्षरशः सारखं होतं. एकीने घाबरत घाबरत वही उघडली. ते फंक्शन मीच तासाला फळ्यावर लिहिलं होतं, आणि विसरून गेले होते. शिक्षकाने दिलेला कोड वेगळा जोडून तो हिशेबात धरू नको असं मॉसला सांगता येतं. मी ते केलं नव्हतं. मी माफी मागितली, पण त्यातल्या एकीने पुढे सत्रभर माझ्या तासाला एकही प्रश्न विचारला नाही.

तुमच्या बाबतीत तर रॅफ्ट आहे. डिएगो ओंगारो आणि जॉन आउस्टरहाउट यांनी 2014 मध्ये तो मांडला तोच मुळी समजायला सोपा असावा या हेतूने, आणि त्यांच्या पेपरमधल्या दुसऱ्या आकृतीत एका पानावर सगळा अल्गोरिदम उतरवून दिलेला आहे: कोणती स्टेट ठेवायची, सर्व्हर आपल्यातून एक लीडर निवडतात तेव्हा मत मागताना काय पाठवायचं, लॉग पाठवताना काय तपासायचं, कोणत्या क्रमाने. प्रामाणिक विद्यार्थी ते पान समोर ठेवूनच लिहिणार. 42 जणांच्या कोडची ठेवण सारखी दिसली तर त्यात नवल नाही. म्हणून इतर जोड्यांमध्ये किती टक्के साम्य दिसतं ते आधी बघा. बाकी सगळे 50 च्या आसपास असतील तर 71 चा अर्थ एक, बाकी सगळे 15 वर असतील तर दुसरा. मग दोन्ही कोड शेजारी ठेवून वाचा. बरोबर असलेलं सारखं असण्याला फारसा अर्थ नाही. चुकलेलं सारखं असेल तर थांबा. तिथेही सावधपणे, कारण काही चुका सार्वत्रिक असतात. जुन्या टर्मच्या (निवडणुकीच्या फेरीच्या) लीडरचा मेसेज आला तरी इलेक्शन टायमर (लीडर गप्प राहिला तर नवी निवडणूक सुरू करणारा) नव्याने सुरू करणं ही चूक रॅफ्ट लिहिणारे पुष्कळ जण करतात. पण कुठेच न वापरलेलं एक व्हेरिएबल दोघांकडे त्याच जागी, त्याच चुकीच्या स्पेलिंगसह असेल, तर ते काही पेपरमधून आलेलं नाही.

आणि मग दोघांशी बोला. वेगवेगळं, एकेकट्याने, सोबत विभागातलं आणखी कोणी बसवून. सुरुवात आरोपाने नको. 'तुझ्या कोडमधून मला फिरवून आण' एवढं म्हणा. आधीच्या टर्ममधली नोंद बहुसंख्य सर्व्हरवर पोचली म्हणून लीडरने ती लगेच कमिट (पक्की) झाली असं का मानायचं नाही, हे विचारा. ज्याने रॅफ्टशी झटापट केली आहे त्याला हा प्रश्न हमखास भेटलेला असतो, आणि उत्तर अडखळत का होईना येतं. ज्याने फक्त उतरवलंय तो ओळ वाचून दाखवतो. कोडमधले बदल टप्प्याटप्प्याने साठवणाऱ्या गिटची हिस्टरीही मागा; तिथे साठवलेल्या प्रत्येक टप्प्यालाही कमिटच म्हणतात. 6 दिवसांत 40 कमिट आणि शेवटच्या रात्री एकदम आलेला 600 ओळींचा एकच कमिट, यांतून बरंच कळतं. अर्थात काही जण सगळं लिहून झाल्यावरच कमिट करतात, तेव्हा यालाही एकट्याला पुरावा धरू नका.

आता कडक की माफ. मला वाटतं हा प्रश्न तुमच्या दोन सहकाऱ्यांनी तुमच्यापुढे ठेवलाय, परिस्थितीने नाही. गंमत अशी की ते दोघे एकमेकांच्या विरुद्ध बोलत नाहीयेत. नापास करण्याखेरीज दुसरी शिक्षाच नसली की बहुतेक शिक्षकांचा हात अडतो. 10 टक्क्यांच्या असाइनमेंटसाठी अख्खा कोर्स? पदव्युत्तर विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती किंवा साहाय्यकाची जागा पुष्कळदा एका ग्रेडवर टांगलेली असते, हे आपल्याला माहीत असतं. मग आपण दार लावून 'पुन्हा लिहून आण' म्हणतो. पहिल्या सहकाऱ्यांच्या नियमातूनच दुसरे सहकारी जन्माला येतात. आणि दार लावून मिटवण्यात तोटा असा की पुढच्या सत्रात तोच विद्यार्थी दुसऱ्या कोर्समध्ये सापडला तर तिथेही ती 'पहिलीच वेळ' असते. शिवाय ज्याला तुमच्याशी बोलायचं धाडस होतं त्याचं मिटतं, ज्याला नसतं त्याचं नाही.

'एकदा धडा शिकवला की पुढे शांतता' हे मात्र मी मान्य करत नाही. तशी शांतता मी पाहिली आहे. त्या वर्षी एकही कॉपी सापडली नाही, एकही कबुली आली नाही, आणि शंका विचारायला येणाऱ्यांची संख्याही निम्म्यावर आली.

शिक्षेचा हिशेब असा मांडून बघा. असाइनमेंट दिलीच नाही तर शून्य. कॉपी पकडली गेली आणि त्यालाही शून्यच दिलं, तर जो काहीच देऊ शकत नाही त्याचं कॉपी करून बघण्यात काहीच जात नाही. म्हणून पकडलं गेल्यावरची शिक्षा न देण्यापेक्षा जड हवी: असाइनमेंट 10 गुणांची असेल तर उणे 10. आणि स्वतःहून सांगणाऱ्याला शून्य. म्हणजे खरं बोलण्यालाही किंमत आहे, पण ती पकडलं जाण्यापेक्षा कमी आहे. हार्वर्डच्या 'सीएस 50' या सुरुवातीच्या कोर्सने 2014 मध्ये असाच एक नियम आणला: चूक केल्यापासून 72 तासांच्या आत स्वतः येऊन सांगा, त्या कामाचे गुण जातील, पण प्रकरण शिस्तपालन समितीकडे जाणार नाही, पुन्हा पुन्हा घडलं नाही तर. तुमच्या मुलाने असा नियम नसतानाही सांगितलं.

ही सवलत तुम्ही आता, एकट्या त्याला, परस्पर देऊ शकता का? नाही. सत्राच्या मध्यात नियम बदलायचाच असेल तर सगळ्यांसाठी, लेखी, आणि फक्त विद्यार्थ्यांच्या बाजूने बदलता येतो. पण त्याआधी एक साधी गोष्ट तपासा: असं थेट नापास करण्याचा अधिकार तुम्हाला आहे का? पुष्कळ विद्यापीठांत गैरवर्तनाचा निर्णय समितीचा असतो. शिक्षकाने पुरावे द्यायचे, शिफारस करायची. तसं असेल तर तुमची ती एक ओळ मुळातच तुमच्या हातातली नव्हती, आणि 'माझा शब्द मोडला' ही चिंता त्याच क्षणी हलकी होते. विभागप्रमुखांना भेटा, मेल आला कधी आणि मॉस चालवलं कधी ते वेळेसह दाखवा, आणि शिफारस लिहून द्या: या विद्यार्थ्याला या असाइनमेंटमध्ये शून्य, नोंद राहावी, कोर्स चालू राहावा. मित्राबद्दल त्याच्याशी बोलल्याशिवाय एक शब्दही लिहू नका. त्याने आपणहून फाइल पाठवली असेल तर त्यालाही काहीतरी भोगावं लागेल. पण मैत्रीत फाइल देणारा आणि श्रेय लाटणारा यांना एकाच तराजूत घालणं मला कधी पटलेलं नाही.

उरलेल्या सत्रासाठी नियम दुरुस्त करणारच आहात तर आणखी दोन गोष्टींना हात घाला. पहिली, उशिराला शून्य. कॉपी ठरवून कमी होते, शेवटच्या चार तासांत जास्त होते. तुमच्या मुलाला दोन दिवस जास्त मिळाले असते तर त्याने लॉग रेप्लिकेशन स्वतः लिहिलं असतं की नाही, मला सांगता येणार नाही, पण तुमच्या नियमाने त्याला दोनच पर्याय ठेवले होते: शून्य किंवा मित्र. प्रत्येकाला सत्रभरासाठी 5 सवलतीचे दिवस द्या, एका असाइनमेंटला जास्तीत जास्त 2. कारण विचारू नका. ताप आला होता, घरी अडचण होती, नुसता कंटाळा होता, सगळं त्यात बसतं, आणि दर आठवड्याला कोणाचं कारण खरं याची पंचाईत करण्यातून तुम्हीही सुटता.

दुसरी, रिलेटिव्ह ग्रेडिंग. 42 जणांचा, स्वतःहून हा विषय निवडलेला वर्ग घंटेच्या आकारात बसवण्याला संख्याशास्त्राचाही आधार नाही. त्यातून एवढंच कळतं की शेजाऱ्याला समजावलं तर आपली ग्रेड खाली जाईल. तुम्हाला फळ्यापाशी उभं राहून वाद घालणारे विद्यार्थी हवेत ना? मग कट-ऑफ आधी जाहीर करा, आणि वचन द्या की पेपर अवघड गेला तर ते खाली येतील, वर कधीच जाणार नाहीत. प्रोजेक्टच्या गटांत कोण किती काम करतो याची कुरकुर तरीही येईलच; त्यासाठी प्रत्येकाचा पाच मिनिटांचा व्हायवा पुरतो. जाता जाता हेही: रॅफ्टचे टेस्ट एकदाच चालवून गुण देऊ नका. इलेक्शन टायमआउट मुद्दाम रँडम ठेवलेले असतात, त्यामुळे तोच कोड नऊदा पास होतो आणि दहाव्यांदा पडतो. किती वेळा चालवणार ते आधी सांगा.

चॅटबॉटचा उल्लेख तुमच्या 11 पानांत अजिबात नाही, आणि मला वाटतं तो विसरलात म्हणून नाही, काय लिहावं कळेना म्हणून. बंदी घालून डिटेक्टर लावायच्या फंदात पडू नका. ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर जानेवारी 2023 मध्ये आणला. त्यांच्याच चाचणीत त्याने यंत्राने लिहिलेला मजकूर 26 टक्केच ओळखला आणि माणसांनी लिहिलेला 9 टक्के मजकूर यंत्राचा ठरवला. जुलैमध्ये त्यांनी तो मागे घेतला. त्यापेक्षा असाइनमेंटगणिक सांगा: इथे चालेल, इथे नाही, आणि का नाही. रॅफ्ट स्वतः लिहायला लावण्यामागे उद्देश काय आहे हे तुम्ही वर्गात कधी बोलून दाखवलंत का? जगाला आणखी एक रॅफ्ट नको आहे. त्या धडपडीत डोक्यात जे बसतं ते हवं आहे. हे एकदा सांगितलं की 'कोड मित्राने दिला की मशीनने' हा फरक विद्यार्थ्यांनाही फार मोठा वाटत नाही.

आणि चर्चेची सीमा आखायला एक सोपा नियम मी अनेक वर्षं वापरते आहे, माझा शोध नाही, बऱ्याच ठिकाणी चालतो: कोणाशीही, कितीही बोला, फळा भरून टाका, पण उठताना सोबत काही न्यायचं नाही, ना कागद, ना फोटो, ना फाइल. मध्ये अर्धा तास दुसरं काहीतरी करा. त्यानंतर जे आठवून लिहाल ते तुमचं. आणि वर एका ओळीत, कोणाशी बोललो त्यांची नावं. 'मित्राचा कोड बघून लिहिलं' हे या नियमात कुठे बसतं हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

हे सगळं करायला आठवडा लागेल. एक काम मात्र आजचं आहे. तुमच्या पत्रावरून दिसतं की त्या मेलला अजून उत्तर गेलेलं नाही. तुम्ही विचार करताय म्हणून ते गेलेलं नाही हे मला कळतं, पण त्याला ते कळत नाही. त्यात निर्णय देऊ नका, आश्वासनही देऊ नका, मित्राबद्दल काही विचारू नका. इतकंच लिहा: 'मेल मिळाला. तू स्वतःहून सांगितलंस याची मी नोंद घेतली आहे. पुढे काय प्रक्रिया होते ते विचारून मी तुला शुक्रवारपर्यंत कळवते. तोवर तासाला येत राहा, आणि तिसरी असाइनमेंट सुरू कर. लॉग रेप्लिकेशन जिथे अडलं होतं तिथपासून बघायचं असेल तर माझ्या शंकांच्या वेळेत ये.'